गोलकृमीत अंडपेशी कधी आणि कोणाच्या संकेताने घडते?

प्रश्न: पेशीवेडी

नमस्कार. मी प्राणिशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात शिकते. 'सीनोरॅब्डायटिस एलिगन्स' या गोलकृमीतील अंडपेशींच्या विकासावर मला वर्गात मांडणी करायची आहे. वाचन बरेच झाले आहे, पण जितके वाचावे तितका गोंधळ वाढत चालला आहे, म्हणून येथील जाणकारांना विचारत आहे.

मला समजले ते असे. हा कृमी जेमतेम एक मिलिमीटर लांबीचा असून त्याच्या उभयलिंगी प्रौढाच्या शरीरात यू अक्षरासारख्या वळलेल्या दोन जननग्रंथी असतात. ग्रंथीच्या बंद टोकाशी मूलपेशी असतात आणि त्या सूत्री विभाजनाने वाढत राहतात. टोकापासून दूर सरकलेल्या पेशींमध्ये अर्धसूत्री विभाजन सुरू होते, वळणाच्या पलीकडे अंडपेशी फुगत जातात आणि अखेरीस शुक्रग्राहिकेत, म्हणजे शुक्राणू साठवणाऱ्या पिशवीत, शिरून फलित होतात. म्हणजे ग्रंथीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे नजर फिरवली की अंडपेशीच्या सगळ्या अवस्था ओळीने दिसतात. इथपर्यंत काही अडचण नाही.

अडचण आहे ती संकेतांची. एका लेखात नॉच मार्ग (शेजारच्या पेशींमधील एक संकेतसाखळी) अंडपेशींच्या विकासाचे नियंत्रण करतो असे म्हटले आहे, दुसऱ्यात तेच काम रास–ईआरके मार्गाच्या नावावर आहे, आणि तिसऱ्यात शुक्राणूतून निघणाऱ्या एका प्रथिनाला सगळे श्रेय दिले आहे. यांपैकी एक मुख्य व इतर दुय्यम असे काही आहे का? शिवाय नॉच संकेतामुळे पेशी मूलपेशीच राहतात असे असेल, तर अंडपेशी होण्याचा प्रत्यक्ष आदेश कोणता? एखादा संकेत नाहीसा झाला एवढ्यावरून इतका मोठा कार्यक्रम सुरू कसा होऊ शकतो? आणि शेवटचे म्हणजे, हा प्राणी उभयलिंगी असून त्याच्याजवळ स्वतःचेच शुक्राणू असतात, तर त्याच्या अंडपेशीला शुक्राणूकडून निरोप येण्याची गरज का पडावी?

उत्तर: कृमीपाळ

मुख्य आणि दुय्यम अशी मांडणी करू नका, तिने गोंधळ वाढेल. हे तिन्ही मार्ग एकाच ग्रंथीत, पण वेगवेगळ्या जागी आणि वेगवेगळ्या वेळी काम करतात. त्यामुळे 'हा संकेत काय करतो' असे विचारण्याऐवजी 'हा संकेत ग्रंथीच्या कोणत्या भागात काय करतो' असे विचारले, तर तुम्ही वाचलेल्या तिन्ही लेखांत विरोध उरणार नाही. मी येथे फक्त पहिल्या टप्प्याबद्दल लिहितो, कारण तुमचा सर्वांत अवघड प्रश्न, म्हणजे संकेत नसण्याने कार्यक्रम सुरू कसा होतो हा, त्यातच आहे.

प्रत्येक ग्रंथीच्या बंद टोकावर एकच मोठी कायपेशी (जननपेशी नसलेली शरीरपेशी) बसलेली असते, तिला टोकपेशी म्हणू. १९८१ मध्ये ज्युडिथ किंबल आणि जॉन व्हाइट यांनी लेसरच्या सूक्ष्म किरणाने ही एक पेशी नष्ट केली, तेव्हा त्या ग्रंथीतील सर्व जननपेशींनी सूत्री विभाजन सोडून अर्धसूत्री विभाजन सुरू केले. एकही मूलपेशी उरली नाही. एका पेशीच्या जाण्याने शेजारच्या सगळ्या पेशींचे भवितव्य बदलते, हे यातून इतक्या स्पष्टपणे दिसले की पुढचे सगळे संशोधन त्या पेशीकडून निघणारा निरोप नेमका कोणता, या शोधात गेले. १९८७ मध्ये 'जीएलपी-१' हे जनुक हाती लागले (अलीकडे मधुमेहाच्या इंजेक्शनांमुळे वर्तमानपत्रांत गाजणाऱ्या त्याच नावाच्या संप्रेरकाशी याचा काही संबंध नाही). या जनुकापासून बनणारे प्रथिन म्हणजे नॉच कुळातील ग्राही, म्हणजे निरोप पकडणारे प्रथिन, असून तो जननपेशींच्या पटलावर असतो. टोकपेशीच्या पटलावर त्याचा जोडीदार, मुख्यतः 'एलएजी-२', असतो. दोन्ही पटलांवरच अडकलेले असल्यामुळे हा निरोप केवळ स्पर्शाने पोहोचतो. टोकपेशी आपले लांब, बारीक फाटे जननपेशींमध्ये पसरवते, आणि ज्या पेशी तिच्या सहवासात आहेत त्यांनाच तो मिळतो. ग्राही आणि जोडीदार जुळले की ग्राहीचा आतला तुकडा कापला जातो, केंद्रकात जातो आणि 'एलएजी-१' या प्रथिनाला बिलगून 'एसवायजीएल-१' व 'एलएसटी-१' ही जनुके चालू करतो.

आता तुमच्या शंकेचे मर्म. ही दोन प्रथिने 'एफबीएफ' या आरएनएला चिकटणाऱ्या प्रथिनांच्या जोडीने काम करतात, आणि ते काम आहे दडपण्याचे. अर्धसूत्री विभाजनाकडे नेणाऱ्या प्रथिनांचे, विशेषतः 'जीएलडी-१'चे, संदेशवाहक आरएनए टोकाजवळच्या पेशींत आधीपासूनच असतात, परंतु त्यांच्यापासून प्रथिन बनू दिले जात नाही. अंडपेशीकडे जाणारा कार्यक्रम तेथे लिहून तयार असतो, फक्त दाबून धरलेला असतो. पेशी टोकापासून सरकत सरकत सुमारे २० पेशींच्या अंतरावर पोहोचते तोवर नॉच संकेत ओसरलेला असतो, दाब सुटतो, जीएलडी-१ वाढते, आणि हे जीएलडी-१ उलट फिरून खुद्द जीएलपी-१ च्या आरएनएलाच दडपते. त्यामुळे एकदा अर्धसूत्री विभाजनात शिरलेली पेशी सहसा माघारी येत नाही. संकेताच्या अभावाने कार्यक्रम सुरू होतो असे जे वाटते, ते प्रत्यक्षात दडपण उठल्याने होते.

हे दोन्ही बाजूंनी तपासलेले आहे. जीएलपी-१ चे असे उत्परिवर्तन मिळाले आहे की ज्यात ग्राही जोडीदाराविनाही चालूच राहतो. त्या कृमीच्या ग्रंथीत अर्धसूत्री विभाजन सुरूच होत नाही आणि सगळी ग्रंथी विभाजत राहणाऱ्या पेशींच्या गाठीने भरून जाते. उलट, तापमानसंवेदी उत्परिवर्तन असलेला कृमी १५ अंश सेल्सियसला व्यवस्थित प्रजनन करतो, पण प्रौढपणी २५ अंशांवर नेला की त्याच्या शिल्लक मूलपेशीही अर्धसूत्री विभाजनात शिरतात. म्हणजे हा संकेत बालपणी एकदा देऊन भागत नाही, तो अखंड द्यावा लागतो. मांडणीत हा दुसरा प्रयोग अवश्य घ्या. माझ्या मते तो गाठीच्या प्रयोगापेक्षा अधिक बोलका आहे, जरी पाठ्यपुस्तके चित्र आकर्षक म्हणून गाठच छापतात.

एक गोष्ट मात्र वेगळी ठेवा. अर्धसूत्री विभाजन सुरू होणे आणि अंडपेशी होणे हे दोन निर्णय आहेत. उभयलिंगी कृमीत अळीच्या चौथ्या अवस्थेत अर्धसूत्री विभाजनातून आधी शुक्राणू बनतात आणि प्रौढपणी तीच ग्रंथी अंडपेशी बनवू लागते. हा बदल लिंगनिश्चितीच्या जनुकांमुळे होतो. गंमत अशी की एफबीएफ प्रथिने मुळात सापडली ती याच बदलाच्या अभ्यासात. शुक्राणू बनवण्यास भाग पाडणाऱ्या 'एफईएम-३' जनुकाच्या आरएनएला ती दडपतात, आणि मूलपेशींमधले त्यांचे काम नंतर उघड झाले.

उत्तर: निवृत्त शिक्षक

वरील उत्तर उत्तम आहे. मी मधल्या टप्प्याची भर घालतो, कारण विद्यार्थी या टप्प्याकडे नेहमीच दुर्लक्ष करतात.

टोकापासून वळणापर्यंतच्या जननपेशी या खऱ्या अर्थाने स्वतंत्र पेशी नसतात. केंद्रके भिंतीलगत रांगेने असतात, आणि मधून जाणाऱ्या सामाईक पेशीद्रव्याच्या नळीकडे प्रत्येकीची एक बाजू उघडी असते. केंद्रके पॅकिटीन अवस्थेत, म्हणजे समजात (जोडीची) गुणसूत्रे परस्परांना पूर्ण लांबीभर बिलगलेली असताना, बराच काळ राहतात. तेथून पुढे जाण्यासाठी रास–ईआरके मार्ग, म्हणजे रास, राफ, ईआरके अशी एकामागून एक चालू होणारी प्रथिनांची साखळी, लागतो. या कृमीत रासला 'एलईटी-६०', राफला 'एलआयएन-४५' आणि ईआरकेला 'एमपीके-१' म्हणतात. यांपैकी एकही निकामी झाले तर केंद्रके पॅकिटीनमध्येच अडकून पडतात आणि वळणापलीकडे अंडपेशींची ओळ दिसतच नाही. तुम्ही हेच मार्ग कृमीच्या योनिद्वाराच्या विकासात वाचले असतील. तीच प्रथिने तेथे त्वचेच्या पेशींचे भवितव्य ठरवतात आणि येथे अर्धसूत्री विभाजनाची गती. हा मार्ग कशाचे 'जनुक' आहे असे विचारण्यात अर्थ नाही तो यामुळेच.

या टप्प्यावर आहाराचा संबंध येतो, आणि मला तोच भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. इन्सुलिनसदृश ग्राही 'डीएएफ-२' जननपेशींमध्ये एमपीके-१ ला चालना देतो. अन्न मिळेनासे झाले की ही चालना घटते आणि नव्या अंडपेशी पुढे सरकणे थांबते. अळीच्या अवस्थेत हाच इन्सुलिन मार्ग जननपेशींची संख्या भराभर वाढवण्यासही मदत करतो. निसर्गात हा प्राणी कुजणाऱ्या फळांवरच्या जिवाणूंवर जगतो. तेथे अन्न आज मुबलक, तर उद्या संपलेले असते. अंडपेशी घडवणे हे त्याच्या शरीराचे सर्वांत खर्चिक काम असल्याने ते आहाराच्या खबरीशी बांधलेले असणे स्वाभाविकच आहे.

पॅकिटीनच्या अखेरीस, वळणाच्या अलीकडे, आणखी एक घटना घडते. अंडपेशी होऊ शकल्या असत्या अशा जननपेशींपैकी सुमारे निम्म्या तेथे नियोजित मृत्यूने मरतात. १९९९ मध्ये हे सविस्तर दाखवले गेले. या मरणाऱ्या पेशींत काही दोष असतो असे नाही. त्या आपले पेशीद्रव्य सामाईक नळीत सोडतात, आणि ते वाहत पुढच्या अंडपेशींत जाऊन त्यांना फुगवते. पंगतीत निम्म्यांनी आपले ताट शेजाऱ्याच्या पानात रिकामे करून उठावे तसा हा प्रकार आहे. मृत्यूची 'सीईडी-३' किंवा 'सीईडी-४' ही जनुके निकामी केली, तर सगळ्या पेशी जगतात आणि कृमी प्रजननक्षमही राहतो. मात्र वय वाढते तशी त्याच्या अंडपेशींची प्रत ढासळते. मृत्यूचा हा टप्पा नसला तर प्रत्येक अंडपेशीच्या वाट्याला पुरेसा साठा येत नाही, असा याचा अर्थ लावला जातो. जाता जाता, अंडपेशीतील पिवळ्या बलकाचे प्रथिन मात्र या नळीतून येत नाही. ते आतड्यात बनते आणि 'आरएमई-२' या ग्राहीच्या साहाय्याने अंडपेशी ते बाहेरून आत घेते.

प्रश्नकर्ती: पेशीवेडी

दोघांचेही मनःपूर्वक आभार. नॉच मार्ग दडपतो आणि अंतराने दडपण उठते, ही गोष्ट आता पक्की बसली. दोन शंका उरल्या. एमपीके-१ च्या क्रियाशील रूपाला चिकटणारी प्रतिपिंडे वापरून काढलेल्या चित्रात मला ते दोन वेगळ्या पट्ट्यांत दिसले, एक पॅकिटीनच्या भागात आणि दुसरा अगदी शेवटच्या अंडपेशींत. मधल्या भागात ते जवळपास नाही. हे एकच काम दोनदा चालले आहे, की दोन वेगळी कामे आहेत? आणि शुक्राणूच्या निरोपाबद्दल अजून कोणी लिहिलेले नाही. मानवी स्त्रीच्या अंडपेशीला एलएच हे संप्रेरक जसे जागे करते, तसेच येथे शुक्राणू करतो, असे मी वर्गात सांगितले तर चालेल का?

उत्तर: गर्भविज्ञान

दोन पट्टे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि दुसऱ्या पट्ट्याचे उत्तर शुक्राणूतच आहे. शुक्राणू नसलेल्या कृमीत हा दुसरा पट्टा दिसत नाही.

वळणापलीकडे वाढलेली अंडपेशी पहिल्या अर्धसूत्री विभाजनाच्या पूर्वावस्थेत, डायकायनेसिसला, येऊन थांबते. ग्रंथीत शुक्राणू असतील तर हा थांबा अल्प काळाचा असतो. ओळीतली सर्वांत पुढची अंडपेशी परिपक्व होते, तिच्या केंद्रकाचे पटल विरघळते, अंडपेशींभोवतीच्या आवरणपेशी (याही कायपेशीच) आकुंचन पावून तिला ढकलतात, शुक्रग्राहिकेचे तोंड उघडते आणि ती आत जाऊन लगेच फलित होते. प्रौढ उभयलिंगी कृमीच्या प्रत्येक ग्रंथीत हे सुमारे दर २३ मिनिटांनी घडते. याउलट 'एफओजी-२' या जनुकातील उत्परिवर्तनामुळे ज्यांच्यात शुक्राणू बनतच नाहीत अशा माद्यांमध्ये अंडपेशी एकामागे एक दाटून, चेपलेल्या अवस्थेत वाट पाहत राहतात. त्यांचा नराशी संयोग होऊ दिला की रांग पुन्हा चालू लागते.

शुक्राणूकडून काय येते, हे २००१ मध्ये डेव्हिड ग्रीनस्टीन यांच्या प्रयोगशाळेने दाखवले. शुक्राणू ज्या द्रवात ठेवले होते तो द्रव माद्यांच्या गर्भाशयात टोचला, तरी अंडपेशी परिपक्व होऊ लागल्या आणि आवरणपेशींचे आकुंचनही वाढले. त्या द्रवातील कार्यकारी घटक शुद्ध केला तेव्हा ते शुक्राणूचे मुख्य प्रथिन, 'एमएसपी', निघाले. याचे आश्चर्य का वाटावे, तर हे प्रथिन आधीपासून परिचयाचे होते, पण सांगाडा म्हणून. या कृमीच्या शुक्राणूला शेपटी नसते. तो अमीबासारखा सरपटतो, आणि त्या सरपटण्यासाठी लागणारे तंतू एमएसपीचेच बनलेले असतात. ज्याच्या जोरावर शुक्राणू चालतो, तेच प्रथिन संप्रेरकाचेही काम करते. पूर्ण वाढ झालेल्या शुक्राणूत रायबोसोम नसतात आणि नेहमीच्या पद्धतीने प्रथिने बाहेर सोडण्याची यंत्रणाही नसते. म्हणून तो पटलाचे बारीक फुगे अंकुरल्यासारखे बाहेर टाकतो. ते फुटल्यावर एमएसपी मोकळे होते आणि शुक्रग्राहिकेतून अंडपेशीपर्यंत, स्पर्शाविना, पोहोचते. टोकपेशीच्या निरोपाहून हा अगदी निराळ्या जातीचा निरोप आहे.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो. स्वतःचे शुक्राणू असताना निरोप कशाला? कारण ते शुक्राणू मोजके असतात. उभयलिंगी कृमी अळीच्या अवस्थेत एकदाच, दोन्ही ग्रंथी मिळून सुमारे ३०० शुक्राणू बनवतो. नर भेटला नाही तर त्याची संततीही तेवढीच होते, कारण जवळजवळ प्रत्येक शुक्राणू वापरला जातो आणि तुटवडा अंडपेशींचा नसून शुक्राणूंचा असतो. शुक्राणू संपल्यावरही अंडपेशी त्याच वेगाने परिपक्व होत राहिल्या असत्या, तर शरीरातला साठा वाया गेला असता. एमएसपीची पातळी म्हणजे 'अजून शुक्राणू शिल्लक आहेत' याची खबर होय, आणि नर भेटण्याची शक्यता असेतोवर अंडपेशी राखून ठेवणे शहाणपणाचे ठरते.

येथेही निरोप सरळ 'परिपक्व हो' असा नसतो, हे कृमीपाळ यांच्या मुद्द्याशी जुळते. अंडपेशीवरील 'व्हीएबी-१' या एफ्रिन-ग्राहींच्या कुळातील ग्राहीला एमएसपी चिकटते, आणि शुक्राणू नसताना हाच ग्राही परिपक्वतेला अडवणाऱ्यांपैकी एक असतो. दुसरा अडसर आवरणपेशी व अंडपेशी यांना जोडणाऱ्या सूक्ष्म छिद्रांचा. ती छिद्रे बनवणारी 'आयएनएक्स-१४' किंवा 'आयएनएक्स-२२' ही प्रथिने काढून टाकली, तर शुक्राणू नसतानाही अंडपेशी परिपक्व होऊ लागतात. मात्र आवरणपेशींमधला जी-प्रथिन, ॲडेनिलेट सायक्लेज आणि प्रोटीन कायनेज ए असा मार्ग निकामी केला, तर शुक्राणू असूनही काही घडत नाही. म्हणजे अंडपेशीचा थांबा शेजारची कायपेशी राखते आणि उठवतेही तीच.

अंडपेशीच्या आतही एक तजवीज असते, ती थोडक्यात सांगतो. 'एलआयएन-४१' हे प्रथिन वाढत्या अंडपेशीला वेळेआधी विभाजनात शिरू देत नाही. ते नसले तर पॅकिटीनमधून बाहेर पडताक्षणीच, पुरेशी वाढ होण्याआधी, अंडपेशी तर्कू (गुणसूत्रे वेगळी करणारी तंतूंची रचना) रचू लागते. 'ओएमए-१' आणि 'ओएमए-२' ही प्रथिने मात्र परिपक्वतेसाठी आवश्यक असतात. यांपैकी एक असले तरी चालते, पण दोन्ही नसतील तर अंडपेशी फुगत राहते आणि परिपक्व होत नाही.

शुक्रग्राहिकेचे तोंड उघडण्याचा संकेत पुन्हा वेगळा आहे. 'एलआयएन-३' हा वाढघटक आणि त्याचा ग्राही 'एलईटी-२३' यांच्यामार्फत तो जातो, पण येथे रासऐवजी आयपी-३ आणि कॅल्शियमचा मार्ग वापरला जातो. तोंड उघडलेच नाही तर परिपक्व झालेली अंडपेशी ग्रंथीतच अडकते आणि तिच्या केंद्रकात डीएनएच्या प्रती वाढतच जातात.

उत्तर: कृमीपाळ

एलएचच्या तुलनेबद्दल. ती करा, पण एका जागी सावध राहा, कारण परीक्षक नेमके तेथेच विचारतील. दोन्हीकडे अंडपेशी पहिल्या अर्धसूत्री विभाजनाच्या पूर्वावस्थेत थांबते, दोन्हीकडे तिच्याभोवतीच्या कायपेशी तो थांबा सांभाळतात, दोन्हीकडे सूक्ष्म छिद्रांचे जोड लागतात आणि दोन्हीकडे बाहेरचा निरोप कायपेशींमध्ये जी-प्रथिन व चक्रीय एएमपीचा (ॲडेनिलेट सायक्लेज बनवते त्या निरोप्या रेणूचा) मार्ग चालू करतो. एवढे साम्य निश्चित आहे.

फरक चक्रीय एएमपी कोणत्या पेशीत आहे, यात पडतो. सस्तन प्राण्यांत खुद्द अंडपेशीच्या आत चक्रीय एएमपीची पातळी उंच असते आणि त्यामुळे ती थांबून राहते. भोवतालच्या पेशींतून छिद्रांवाटे येणारे चक्रीय जीएमपी ती पातळी टिकवते, आणि एलएच आल्यावर हा पुरवठा आटतो. गोलकृमीत आवरणपेशींमधले चक्रीय एएमपी परिपक्वतेला पुढे नेते. 'चक्रीय एएमपी अंडपेशीला थांबवते' असे एक वाक्य पाठ करून दोन्हीकडे लावले, तर कृमीच्या बाबतीत उत्तर उलटे येईल. शिवाय एलएच मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूष ग्रंथीतून येते आणि ते मादीच्याच शरीराचे असते, तर एमएसपी हे शुक्राणूचे असते. मानवी शुक्राणू अंडपेशीला जे देतो ते फलनाच्या वेळी, म्हणजे अंडपेशी दुसऱ्या अर्धसूत्री विभाजनाच्या मध्यावस्थेत थांबलेली असताना. गोलकृमीत हा दुसरा थांबाच नाही. तेथे फलन होते तेव्हा अंडपेशी पहिल्या विभाजनातच असते आणि पुढची दोन्ही विभाजने शुक्राणू आत आल्यावर पूर्ण होतात.

फळ्यावर एकच आकृती काढायची असेल तर वळलेली ग्रंथी काढा, तिच्या टोकावर टोकपेशी, वळणाअलीकडे एमपीके-१ चा पहिला पट्टा, शुक्रग्राहिकेजवळ दुसरा, आणि अंडपेशींच्या बाजूला आवरणपेशी दाखवा. नॉचचा बाण बोथट टोकाचा, म्हणजे दडपण दाखवणारा, काढायला विसरू नका, आणि छिद्रांचाही तसाच.